घरचं माप

गेले आठ दिवस मास्तरांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. नजर शाबूत होती, मनच जागेवर नव्हतं. दुकानाच्या भिंतीवर, कापायचे नमुने जिथे टांगायचे तिथेच, त्यांनी खाकी कागदावर घराण्याचा वृक्ष आखला होता. प्रत्येक नावाला चौकोन. एका तारखेवर मात्र टाचणीने चिंधी लावलेली.

"दोन कोट अडकलेत आणि तुमचा जीव मेलेल्यांत," बायको म्हणाली. "जिवंत गिऱ्हाइकं पळतील हं!"

वृक्षाचं खूळ ताईचं. ती मास्तरांहून नऊ वर्षांनी मोठी, आता एक्याऐंशीची. "तुला आईने मांडीवरून खाली ठेवलं नाही, मला कधी जवळ घेतलं नाही. माझ्या बाह्या आखूड झाल्या की म्हणायची, हात आहेत की शिडी! का रे एवढा राग? मरायच्या आधी मला कळू दे."

नोंदणी कचेरीत मास्तरांनी तीन खेपा घातल्या. जुनी पुस्तकं पुरात गेलेली, उरलेल्यांवर वाळवीने ताव मारलेला. चौथ्या खेपेला आईवडिलांच्या लग्नाची नोंद सापडली. ताईच्या जन्मानंतर दोन वर्षांची.

"तारीख बरोबरच आहे, काका," कारकून म्हणाला. "तुम्हाला नको असली तरी."

घरी येऊन मास्तरांनी ती तारीख वृक्षावर लिहिली आणि लगेच वर चिंधी टाचली. आपली आई? वावगा शब्द ऐकला तरी कानांवर हात ठेवणारी? ताईला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

तिचा फोन रोज यायचा. "बाळ्या, झालं का रे झाड?"

"फांद्या फुटतायत, ताई."

"खोडाचं सांग!"

नवव्या दिवशी दुपारी इस्त्री गरम ठेवून मास्तर एकदम उठले. वडीलही शिंपी. लग्नाचे कपडे त्यांनीच शिवले असणार, मापांच्या वहीत तारीख असणार. कदाचित कचेरीचंच चुकलं असेल! वडील गेल्यापासून फडक्यात बांधून ठेवलेली वही त्यांनी फळीवरून काढली.

वडील गिऱ्हाइकांची नावं घालत, बायकोचं कधीच नाही. तिथे नुसतं 'घरचं'. ताईच्या जन्माआधीच्या वर्षी होतं, 'घरचं: छाती बत्तीस, कंबर सव्वीस, बाही बावीस.' जन्मानंतर छाती, कंबर वाढलेली, बाही बावीसच. मग पंधरा महिने काही नाही. आणि मग, 'घरचं: छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, बाही एकोणीस.'

मास्तर पुढची पानं उलटत सुटले. एकोणीस. एकोणीस. शेवटपर्यंत एकोणीस. वडिलांच्या मापात कधी अर्ध्या इंचाची चूक झाली नव्हती. बाई जाड होते, वाळते, पण तिचा हात तीन इंच आखूड होत नाही.

"अहो, इस्त्री!" बायको ओरडली. कापड करपल्याचा वास सुटला होता. मास्तर टेप गळ्यात, वही काखेत घालून केव्हाच रस्त्यावर होते.

दोन गल्ल्या ओलांडून ते ताईकडे पोचले तेव्हा धाप लागली होती. पाणीसुद्धा न पिता त्यांनी सगळं सांगून टाकलं. लग्नाची तारीख, पंधरा महिन्यांची रिकामी जागा, दोन बाह्या.

ताईने वहीतल्या दोन्ही बाह्यांच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग तिने स्वेटर काढला आणि हात पुढे केला.

"घे."

मास्तरांनी खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावून बघितलं. "बावीस."

"नीट घे. घाईत आहेस."

त्यांनी पुन्हा घेतलं. बावीसच.

"माझ्यावरचा नव्हताच तो राग," ताई हळूच म्हणाली. "पहिलीचं नाव काय रे?"

"नाही मिळालं. वडिलांनी लिहिलंच नाही."

"शिंपी तो शिंपीच!" ती हसली, लगेच डोळे पुसले. "तिचा चौकोन काढ. नाव मिळेपर्यंत आत बावीस लिही. आणि आईचा खोडू नकोस, तिनेच वाढवलंय मला."

मास्तर टेकायला खुर्ची ओढत होते.

"बसतोस काय? कचेरी पाचला बंद होते ना? माझी आई मेल्याची नोंद कुठेतरी असेलच की. ऊठ, मी पण येते."