बाबांचा देव आणि बारवेचं पाणी

माझे वडील आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात पूजेला होते. गाव सेलू तालुक्यात, वालूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर. देवळामागं दगडी पायऱ्यांची बारव आणि बारवेच्या वरच्या अंगाला, चढावर, आमचं घर. बाबा पहाटे पायऱ्या उतरून घागर भरून आणायचे. त्याच पाण्यानं अभिषेक व्हायचा आणि तेच पाणी तीर्थ म्हणून पळीनं लोकांच्या हातावर पडायचं.

मी परभणीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला गेले. एकदा सुट्टी संपवून परत जाताना बारवेचं पाणी बाटलीत भरून नेलं आणि कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. एका थेंबात नुसती पळापळ चालली होती. पुढच्या सुट्टीत घरी आल्या आल्या मी बाबांना म्हणाले, "तुमच्या तीर्थात जीव वळवळायलेत."

बाबा गंध उगाळत होते. मान वर न करता म्हणाले, "मग त्यायच्यात बी तोच हाय."

मला त्या उत्तराचा रागच आला. तेव्हापासून मी तीर्थ घेणं सोडलं. हात पुढं करायचे आणि पाणी हळूच तुळशीत सोडायचे. बाबांना ते दिसत असणार, पण त्यांनी मला कधी टोकलं नाही. त्या वयात देवाबद्दलचं माझं म्हणणं सोपं होतं. माणसाला जिथं कळेनासं होतं तिथं तो देव ठेवतो. कळायला लागलं की देव एक पाऊल मागं सरकतो. पुढं मला परभणीतच पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा तर मला वाटलं, मी रोज देवाला एकेक पाऊल मागं ढकलते आहे.

मग एका श्रावणात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. दुसऱ्या सोमवारनंतर घरटी एक माणूस आजारी. आमची आई त्यात सापडली. सेलूच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलं होतं आणि तिचे डोळे खोल गेले होते. मी रजा टाकून आले. आई क्षीण आवाजात म्हणाली, "माझ्यापाशी बसून काय करायलीस? तुझं काम पाण्याचं हाय ना? जाय, पाणी बघ."

मी येताना तपासणीच्या छोट्या बाटल्या आणल्या होत्या. त्यांत औषध असतं. पाणी भरून उबेला ठेवायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असले की दिवस-दोन दिवसांत ते काळं पडतं. नळ, हातपंप, शाळेची टाकी आणि बारव, अशा चार ठिकाणचं पाणी मी भरलं. बारवेची बाटली भरताना बाबा वरच्या पायरीवर उभे होते. मला वाटलं, आता अडवतील.

"कुठं ठेवणार?" त्यांनी विचारलं.

"घरात, फडताळात."

"देवळात ठेव. देवासमोर. लोकायला दिसू दे."

चारही बाटल्या नंदीशेजारी ओळीनं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्या तीन बाटल्यांतलं पाणी होतं तसं होतं. बारवेची बाटली शाईसारखी काळी झाली होती. बाबा तिच्यापुढं मांडी घालून बसले. मी जिंकले होते, पण त्यांच्या पाठीकडं बघून मला जिंकल्यासारखं काही वाटेना.

पुढच्या सोमवारी देऊळ भरलं. आरती झाली, लोकांनी हात पुढं केले. बाबांनी पळी पालथी ठेवली.

"आजपासून तीर्थ मिळणार न्हाई," ते म्हणाले. "पाणी खराब हाय. माझ्या हातानं तुमाला आजार दिला. माफी असावी."

गावात त्यांच्यापेक्षा वयानं मोठे असलेले एक माजी सरपंच होते. ते म्हणाले, "पोरगी शिकली, अन् तिनं देवाला बाटलीत घातलं. तुमी बी तिचं ऐकायलात?"

"देव बाटलीत मावत न्हाई," बाबा म्हणाले. "आपली घाण मावली."

प्रश्न एवढाच उरला की घाण येते कुठून. बारवेच्या आसपास गटार नव्हतं, उकिरडा नव्हता. मी परभणीहून एक रंग आणला. तो पाण्यात मिसळला की हिरवा चमकतो आणि त्यानं कुणाला अपाय होत नाही. बारवेच्या वरच्या अंगाला चार घरं होती. एकेका घराच्या संडासात रंग ओतायचा, आठवडाभर वाट बघायची, मग पुढचं घर. सुरुवात आपल्याच घरापासून कर, असं बाबा म्हणाले, म्हणजे शेजारी नाही म्हणणार नाहीत.

शेजाऱ्यांपर्यंत जायची वेळच आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बारवेच्या एका कोपऱ्यात, दगडांच्या सांध्यातून हिरवी रेघ उतरत होती.

तो संडास माझ्या हट्टानं बांधलेला होता. कॉलेजात असताना मीच बाबांशी भांडून तो बांधून घेतला होता. खड्डा कुठं खणायचा तेही मीच दाखवलं होतं. बारव किती जवळ आहे, खाली मुरूम आहे, पाणी उताराला जाणार, यातलं काहीही माझ्या मनात आलं नव्हतं. आई बरी होऊन घरी आली होती. मी तिच्या पायाशी बसून रडले. आई म्हणाली, "रडून पाणी साफ होतं का?"

बाबा बाहेरून आले आणि समोर बसले. "तुझ्या शास्त्राची चूक न्हाई," ते म्हणाले. "अन् देवाची बी न्हाई. उताराला पाणी जातं, हा त्याचाच कायदा. खड्डा पुजाऱ्याचा हाय म्हणून त्यानं पाणी अडवलं न्हाई. बाटली बी तशीच. ती माझं तोंड बघून पांढरी राह्यली न्हाई." मग ते म्हणाले, "जे कुणाचं तोंड बघून बदलत न्हाई, त्यालाच तर आमी देव म्हणतो. तू त्याला दुसरं नाव देतीस, एवढंच."

इतकी वर्षं मी देवाला न कळणाऱ्या जागेत शोधत होते, आणि ती जागा रोज लहान होत होती. बाबांचा देव तिथं राहतच नव्हता. जे कळलं होतं, पक्कं होतं, पुन्हा पुन्हा तपासून तेच निघत होतं, तिथं तो होता. प्रयोगशाळेत मी त्याला मागं ढकलत नव्हते. रोज त्याच्याच पुढ्यात बसत होते. हे मला आमच्या ओसरीवर, नाक पुसता पुसता कळलं आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी खड्डा उपसून बुजवला. नवा संडास बारवेच्या खालच्या अंगाला, लांब बांधला. वैशाखात पाणी तळाला गेलं तेव्हा सगळं गाव बारवेत उतरलं. मोटारीनं पाणी उपसलं, बायांनी रांग करून घमेली वर पोचवली. गाळाखाली सात पायऱ्या निघाल्या, ज्या बाबांनीही कधी पाहिल्या नव्हत्या. पहिलं घमेलं माजी सरपंचांनी उचललं. चौथ्या दिवशी तळाच्या दगडातून झरा फुटला आणि चिखलात उभ्या असलेल्या बाया नुसत्या बघत राहिल्या.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर मी पुन्हा बाटली भरली. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. लोक येता-जाता देवळात डोकावत होते. तिसऱ्या दिवशी सकाळीही पाणी जसंच्या तसं होतं. बाबांनी बाटली उचलून दारातल्या उजेडात धरली आणि सगळ्यांना दाखवली. कुणीतरी घंटा वाजवली, मग एकामागून एक सगळेच वाजवायला लागले.

मी मात्र खरं ते सांगितलं. उघड्यावरचं पाणी आहे. आज चांगलं निघालं म्हणजे उद्याही निघेल असं नाही. लोकांचे चेहरे पडले. बाबांनी गाभाऱ्यातल्या समईकडं बघितलं.

"अग्नी बी देवच हाय," ते म्हणाले. "उकळून देऊ."

त्या वर्षीच्या श्रावणात आमच्या गावातलं एकही माणूस जुलाबानं आजारी पडलं नाही. मंदिरात तांब्याचं मोठं पातेलं आलं. आईनं उकळून, गाळून, निववलेलं तीर्थ बाबा वाटू लागले आणि मी ते दोन्ही हातांनी घेऊन प्याले. महिन्यातून एकदा नंदीशेजारी बाटली ठेवायची, हा आता तिथला नेम आहे. मागच्या वर्षी पाथरीकडचे दोन पुजारी ते बघायला आले होते. बाबांनी त्यांना खाली बसवलं, चष्मा लावला आणि बाटली कुठल्या रेघेपर्यंत भरायची ते इतक्या बारकाईनं समजावून सांगितलं की मला मध्ये बोलायला जागाच उरली नाही.