रेडिओवरची टकटक

शर्यतीच्या ड्रायव्हरला चेहरा नसतो. त्यांच्यावरच्या माहितीपटांचे सारे शास्त्र, माझ्या मते, या एका अडचणीतून जन्मते. क्रिकेटपटूने झेल सोडला की त्याचे पडलेले तोंड आपल्याला दिसते. ड्रायव्हर आपली सर्वांत महागडी चूक हेल्मेटच्या आत करतो, आणि कॅमेऱ्याच्या हाती लागते ती फक्त काचेवर उमटलेली आभाळाची पट्टी. मग चेहरा दुसरीकडून जमवावा लागतो. हातमोजे चढवणारी बोटे, ओट्यापाशी उभी असलेली आई, आणि सर्वांत उपयोगाचा म्हणजे रेडिओवरचा आवाज.

हा सिद्धांत मी मांडला तो डबा खाताना. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी शर्यतीत गाड्या उतरवणाऱ्या एका छोट्या संघात डेटा इंजिनिअर म्हणून लागले. गाडीवरचे सेन्सर जे आकडे पाठवतात ते वाचून ड्रायव्हर कोठे वेळ गमावतो हे शोधणे, हे माझे काम. नारायण पेठेतल्या आमच्या घरी या कामाला फारशी प्रतिष्ठा नव्हती. काकांनी एकदाच चौकशी केली, "म्हणजे ऑइलही तूच बदलतेस, की त्याला वेगळा माणूस आहे?"

संघाची शेड खडकवासल्याच्या रस्त्यावर होती. दुपारी मी आणि आमची ड्रायव्हर लॅपटॉपवर परदेशी शर्यतींचे पडद्यामागचे माहितीपट लावून जेवायला बसत असू. ती माझ्याहून लहान, धरणाच्या अलीकडच्या, आता महापालिकेत आलेल्या एका गावातली. घरची थोडी शेती उरलेली, बाकीच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिलेल्या. शाळेत असताना तिला कोणीतरी वाढदिवसाला कार्टिंगच्या ट्रॅकवर नेले आणि ती तिथून मनाने परत आलीच नाही.

आम्ही ते माहितीपट प्रेक्षकांसारखे पाहत नसू. मी डोळे मिटून इंजिनाचा सूर ऐकत असे. चित्रात गाडी अवघड वळणात शिरते आहे आणि सूर मात्र सरळ पट्ट्यावरच्या वरच्या गिअरचा आहे, हे हमखास सापडे. म्हणजे आवाज दुसऱ्या फेरीतला, कदाचित दुसऱ्या दिवसाचा. ती डोळ्यांनी शोधायची. एकदा एक मोठा ड्रायव्हर गाडीतून उतरून ढसाढसा रडत होता, तर ती वरणाची वाटी खाली ठेवून म्हणाली, "ताई, हे रडणं या शर्यतीतलं नाही. शर्यत पावसात झाली. याच्या सूटवर थेंब आहे का एक तरी?"

चोरी पकडल्याचे समाधान होतेच. पण माझे खरे कुतूहल वेगळे होते. हे सारे जोडकाम उघड दिसत असूनही भाग संपेपर्यंत तो रडणारा माणूस मला आवडू लागलेला असे. पुरावा त्याच्या विरुद्ध असताना असे का व्हावे, हे मला सुटत नव्हते.

त्याच हंगामात आमच्या संघावरही माहितीपट काढायचे ठरले आणि कॅमेरा आमच्या शेडमध्ये आला. संघाच्या मालकांना आम्ही सर म्हणत असू. त्यांनी सगळ्यांना बोलावून गोलमोल न बोलता सांगितले की प्रायोजक पुढच्या वर्षी एकाच गाडीचा खर्च उचलणार आहे. ड्रायव्हर दोन, निकाल दोघांचे जवळपास सारखे. तेव्हा माहितीपटाचा पहिला तुकडा पाहून, ज्याचा चेहरा लोकांच्या लक्षात राहील असे प्रायोजकाला वाटेल, त्याला गाडी. "तुम्ही बरे दिसा," असे सर म्हणाले आणि चहाला गेले.

दुसरा ड्रायव्हर दिसायलाही बरा होता आणि बोलायला तर फारच. अर्धे हिंदी, अर्धे इंग्रजी बोलत तो रेडिओवर प्रत्येक वळणाची निंदा करी. दिग्दर्शिका मुंबईची, पन्नाशीची, मोजके बोलणारी बाई; पण त्याचे ध्वनिमुद्रण ऐकताना तिचा चेहरा तृप्त होई. आमच्या ड्रायव्हरची मुलाखत मात्र अशी झाली. शर्यत सुरू होण्याआधी काय वाटते, असे तिला विचारले गेले.

"उकडतं."

आणि हरल्यावर?

"तेव्हाही उकडतं."

बाईंनी मग तिच्या घरी चित्रीकरण ठेवले. सूर्योदयाच्या उजेडात तिने ट्रॅक्टर चालवावा, अशी त्यांची कल्पना. तिने आयुष्यात ट्रॅक्टर चालवला नव्हता; तो तिचे वडील चालवत. ते बांधावर उभे राहून मुलीची गिअरशी चाललेली झटापट शांतपणे पाहत होते. शेवटी मला म्हणाले, "ताई, क्लच जळाला तर ही पिच्चरवाली मंडळी भरून देणार हायत का? नाय, विचारून ठेवलेलं बरं."

मुलगी माझ्याशी आणि शेडमध्ये सगळ्यांशी शहरातली मराठी बोले, वडिलांशी घरची. बाईंना घरचीच हवी होती. त्या तिला अधूनमधून तसे बोलायला सुचवत, आणि ती नेमक्या त्याच वेळी गप्प बसे.

तिच्या रेडिओवरच्या गप्प बसण्यात मात्र माझा हात होता, हे इथे सांगायला हवे. पहिल्या हंगामात ती शर्यतीत रेडिओवर बोलत असे. एके दिवशी आलेख तपासताना मला दिसले की ती जिथे जिथे बोलली, तिथे तिथे स्टिअरिंगच्या रेषेवर एक बारीक दात उठला होता. वळणात ती श्वास रोखते. बोलायचे तर श्वास सोडावा लागतो, आणि श्वास सुटला की हात किंचित हलतो. यावर मी उपाय काढला. बोलायचेच नाही, स्टिअरिंगवरचे रेडिओचे बटण नुसते दाबायचे. माझ्या कानात टक असा आवाज येई. एकदा टक म्हणजे पुढची चाके घसरताहेत. दोनदा म्हणजे सगळे ठीक. लांब दाबले तर मागचे टायर संपत आले.

याचा दुसरा फायदा नंतर लक्षात आला. आमचे रेडिओ साधे, इतर संघ ते सहज ऐकत. ड्रायव्हरने टायर गेल्याची तक्रार केली की मागचा ड्रायव्हर पुढच्याच वळणात आत घुसे. आमच्या गाडीतून त्यांना केवळ खरखर आणि अर्थ न लागणारी टकटक ऐकू येई. ही युक्ती माझी होती, ती चालत होती, आणि आम्हा दोघींखेरीज फक्त सरांना ठाऊक होती.

हंगामातली शेवटची शर्यत झाल्यावर बाईंनी मला स्वारगेटजवळ भाड्याने घेतलेल्या संपादनाच्या खोलीत बोलावले. पडद्यावर आमच्या गाडीच्या अखेरच्या फेऱ्या चालू होत्या. रेडिओवर माझा आवाज, मग शांतता, मग टक. पुन्हा शांतता. टक.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

मला ते पाठ होते. पुढचे टायर संपत आले होते, मागचा ड्रायव्हर अगदी चिकटून होता आणि त्याला याचा पत्ता नव्हता. ती मला एकेक टक पाठवत होती, मी तिला ब्रेक कोठे लवकर लावायचे ते आमच्या ठरलेल्या आडवळणाच्या शब्दांत सांगत होते, आणि अशा रीतीने आम्ही तिसरा क्रमांक घरी आणला. मी भाग घेतलेली याहून चांगली गोष्ट माझ्याजवळ नव्हती.

"हे काहीतरी आहे, असं मला वाटतंय," बाई म्हणाल्या. "असेल तर यावर तिची दहा मिनिटं उभी राहतील. आणि तुझीही. नसेल तर तिचा ट्रॅक्टर आहे, पण ट्रॅक्टरवर मी फार वेळ काढू शकत नाही."

विचारून सांगते, असे म्हणून मी निघाले. सिंहगड रस्त्याच्या गर्दीत स्कूटर रेटताना मी त्या दहा मिनिटांची मनातल्या मनात मांडणीही करून टाकली. आधी आलेख, मग तो दात, मग मी. शोध लावणाऱ्याला तो जाहीर करण्याची घाई असते, आणि मला ती इतरांहून थोडी जास्तच आहे.

ती शेडमध्ये हेल्मेटची काच पुसत बसली होती. मी तिला सगळे सांगितले.

"सांगितलं तर फिल्ममध्ये तू दिसशील," मी म्हणाले. "नाही सांगितलं तर ट्रॅक्टर."

"आणि सांगितल्यावर पुढच्या वर्षी?"

"प्रत्येक संघाचा एक माणूस तुझी टकटक मोजत बसेल."

"मग गाडी मिळवून मी करू काय?" तिने काच उजेडात धरून पाहिली. "त्यांना आवाज पाहिजे ना माझा? देऊ की. खोटा देऊ. खरा आपल्याला लागतो."

मी माझी दहा मिनिटे मांडून पाहिली होती, तशीच मोडून टाकली. तिची गाडी हा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर तिनेच काढले होते.

दुसऱ्या दिवशी बाई ध्वनिमुद्रकाला घेऊन आल्या. ती रेडिओवर बोलली असती तर काय बोलली असती, ते त्यांनी लिहून आणले होते. "मागे कोण आहे ते सांगू नका. पुढे कोण आहे तेवढं सांगा." आमची ड्रायव्हर उभ्या गाडीत बसली, हेल्मेट घातले आणि स्वारगेटला सोलापूरची गाडी लागल्याची घोषणा व्हावी, तशा स्वरात ते वाक्य म्हणाली. बाईंनी पुन्हा म्हणायला लावले. आता ती बारामतीची गाडी झाली.

माझ्याने राहवेना. खोटे असले तरी ते इतके चुकीचे असू नये, असे मला वाटू लागले. मी म्हटले की ब्रेक लागतो तेव्हा माणूस सीटच्या पट्ट्यांवर आदळतो, छाती दाबली जाते, वाक्य अखंड येत नाही. मेकॅनिकला सांगून मी तिचे पट्टे आवळून घेतले. श्वास रोखून बोलायला लावले. "मागे कोण आहे ते" यानंतर वळण येते, तिथे थांब, आणि वळण सुटले की उरलेले एका दमात टाक. ती थांबली, तिने टाकले, आणि शेडमधले सगळे काम करायचे थांबून तिच्याकडे पाहू लागले. ती कोणावर तरी खरोखर चिडली असावी असे वाटत होते. बहुधा माझ्यावर, पट्टे फारच आवळले होते.

सामान आवरताना बाई माझ्याजवळ आल्या. "आणि ती टकटक?"

"इग्निशनचा अडथळा," मी म्हणाले. "ठिणगी पडते त्याचा आवाज रेडिओत येतो."

"हिच्याच गाडीत?"

"हिची गाडी जुनी आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "बरं. जुनी आहे."

ज्याच्या आधारावर माझे सारे काम चालते, त्या संकेताला मी गोंगाट ठरवले होते. एम.एस्सी.च्या परीक्षेत या उत्तराला शून्य मिळाले असते.

प्रायोजकाच्या कार्यालयात पहिला तुकडा दाखवला गेला, तेव्हा आम्ही मागच्या रांगेत होतो. दुसरा ड्रायव्हर भरपूर होता आणि मजेदार होता. मग आमची गाडी आली, मागे दुसरी चिकटलेली, आणि तो दाबलेला, तुटलेला आवाज. मागे कोण आहे ते... सांगू नका. पुढे कोण आहे तेवढं सांगा. प्रायोजकाचे अधिकारी खुर्चीत पुढे सरकले. त्याच क्षणी मला त्या आवाजाच्या तळाशी, इंजिनाच्याही खाली, अगदी हळू, ऐकू आली ती खरी गोष्ट. टक. काही वेळाने, टक. माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या ड्रायव्हरने माझ्याकडे न पाहता माझे मनगट धरले.

चहाच्या वेळी मी बाईंना गाठले आणि तो अडथळा काढायचा राहिला का, असे विचारले.

"मी अडथळे काढत नाही गं," त्या म्हणाल्या. "ज्याला ऐकू येतात, त्याच्यासाठी असू देते."

त्या संध्याकाळी मी तो रडणाऱ्या ड्रायव्हरचा भाग पुन्हा लावला. या वेळी चूक शोधायला नव्हे. रडणे दुसऱ्या दिवसाचे होते, सूट कोरडा होता. पण त्याच्या उजव्या हाताचा अंगठा अजून थरथरत होता, आणि थरथरणारा अंगठा कोणाला रचता येत नाही. मला तो माणूस का आवडे, याचे पूर्ण उत्तर हे नसेल. शोधायची जागा मात्र सापडली.

आठवडाभराने सरांनी निर्णय सांगितला. गाडी तिला मिळाली. ती बातमी तिने वडिलांना फोनवर दिली, तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला तो आता ट्रॅक्टरला तरी हात लावणार नाहीस ना, असा.

आता आम्ही त्या खुणा बदलल्या आहेत, म्हणून हे लिहिता येते. पुढच्या हंगामाच्या पहिल्या शर्यतीला मात्र त्या जुन्याच होत्या. माहितीपट तोवर प्रदर्शित झाला होता. गाड्या टायर तापवण्यासाठी सावकाश फेरी घेत होत्या, आणि माझ्या कानात टकटक आली. तीनदा.

तीन अशी खूण आमच्याकडे नव्हती. मी एकामागून एक सगळे आलेख उघडले. तेलाचा दाब, ब्रेकचे तापमान, चारही टायर. काहीच नव्हते. पुन्हा सांग, असे मी रेडिओवर म्हटले. पुन्हा तीनदा. शर्यत सुरू झाली तरी माझी नजर त्या आकड्यांवरून हटली नाही, आणि आकडे शेवटपर्यंत निर्दोष राहिले.

गाडी परत आली, तिने हेल्मेट काढले, आणि कोणी अभिनंदन करण्याआधी मी तिला गाठले. काय बिघडले होते, ते विचारले.

"काही नाही, ताई. स्टँडमध्ये पोरींनी फलक धरला होता. 'पुढे कोण आहे तेवढं सांगा.' मला हसायला आलं," ती म्हणाली, "आणि हसायला आपल्याकडे खूण नव्हती."