पेटीबाहेरचं बाळ

प्रशिक्षणावरून परत आले तेव्हा मी अगदी भारावलेली होते. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून तासन्‌तास ठेवलं, की त्याला ऊब मिळते, आईला दूध येतं, बाळ तगतं. हे ठिकठिकाणी तपासून सिद्ध झालेलं. त्याला यंत्र लागत नाही, फक्त आई लागते. आमच्या नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स मोजक्या आणि काचेच्या पेट्या कायम भरलेल्या, कधी एका पेटीत दोन बाळं. मला वाटलं, हे तर आपल्यासाठीच आहे.

पण वॉर्डात आई नसतेच. टाके जरा सुकले की बाळंतिणीला सुट्टी देतात आणि बाळ पेटीत राहतं. सुट्टी झाली की ती पेशंट उरत नाही. तिला खाट नाही, जेवण नाही, आणि गेटवरचा पास दूध पाजायच्या वेळेपुरताच. मग या बायका दिवसभर जातात कुठे? शोधत गेले तर मागच्या जिन्यात, पायऱ्यांवर ओढण्या अंथरून बसलेल्या.

तिथेच ती भेटली. यवतमाळकडची, विशीतली. नवरा खडकीत एका ठेकेदाराकडे हेल्पर, विश्रांतवाडीत भाड्याची खोली. पहिलंच बाळ, दिवस भरायच्या आत झालेलं. पोटावर टाके घेऊन ती रोज बसनं यायची. ब्लाऊज दुधानं भिजलेला असायचा.

“सिस्टर, बाळ काय करून राहिलं जी?” एवढंच विचारायची.

तिला बाळ छातीशी घेऊन बसता यावं म्हणून मी इन्चार्ज सिस्टरांकडे खुर्ची मागितली. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “आधी खुर्ची ठेवायला जागा दाखवा.”

डॉक्टर मॅडमचं निराळंच होतं. “तुमचं बरोबर आहे हो. पण आयांना दिवसभर आत घेतलं आणि काही झालं, तर उत्तर कोण देणार?”

“मी देईन,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. ती मी परवानगी समजले.

घरची घडीची खुर्ची स्कूटरवर पायाशी आडवी टाकून आणली. बेसिनच्या शेजारी जुनी चादर बांधून आडोसा केला. रोज गेटवर स्वतः जाऊन रखवालदाराला सांगायचे, “माझ्या वॉर्डातली आहे, सोडा.” तिला कोपरापर्यंत हात धुवायला शिकवलं आणि बाळ तिच्या छातीवर ठेवलं. ती लाकडासारखी ताठ बसली.

“पडन का जी?”

“नाही पडत. धरा.”

जरा वेळानं मी बाळाच्या पावलाला हात लावला. पेटीत नेहमी गार लागणारं ते पाऊल कोमट झालं होतं. तिला सांगितलं तर ती हसली, आणि मग मला तोंड दिसू नये म्हणून भिंतीकडे वळली. पुढच्या काही दिवसांत वजनाचा काटा हळूहळू वर सरकू लागला. बाकीच्या आया चादरीआडून डोकावू लागल्या. “आणखी एकीला घेऊन बघा,” असं खुद्द मॅडम म्हणाल्या.

आणि वॉर्डात संसर्ग शिरला. ज्यांच्या आया कधी चादरीआड बसल्याच नव्हत्या, ती पेटीतली बाळंही आजारी पडली. तिच्या बाळानं सकाळी दूध ओढलं नाही, दुपारी त्याचा रंग उतरला. आम्ही करायचं ते सगळं केलं. ते वाचलं नाही.

तिचा नवरा दारात उभा होता. ओरडला नाही. “पेटीत होतं तोवर बरं होतं,” तो म्हणाला. “बाहेर कोणं काढलं?”

“मी,” मी म्हणाले. संसर्गाचं समजावून सांगायला गेले, पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता, ऐकत नव्हता.

मॅडमनी मला खोलीत बोलावलं. “ह्यामुळे झालं नाही, मला ठाऊक आहे. पण सध्या बंद करा.”

“मग तसं सांगा ना सगळ्यांना.”

“कोणाला सांगू? ऐकायला कोण बसलंय?”

संध्याकाळपर्यंत वॉर्डातल्या मावशींनी चादर सोडली. कपडे बदलायच्या खोलीत मी युनिफॉर्मवरच बसून राहिले. चिडायला कोणी सापडत नव्हतं. इन्चार्ज सिस्टरांनी चहा आणून दिला. “मीही एकदा असंच काहीतरी करायला घेतलं होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“आता आठवतही नाही.”

काही दिवसांनी ती बाळाचे कागद न्यायला आली, गावाहून आलेल्या आपल्या आईला घेऊन. दोघी यवतमाळला परत निघाल्या होत्या. कागद हातात घेऊन ती थांबली.

“माह्या अंगावर घेतलं म्हणून गेलं का जी ते?”

“नाही. अजिबात नाही. तुमच्यामुळे ते तितके दिवस चांगलं वाढलं.”

“मग तुमच्या लोकायनं बंद काहून केलं?”

वॉर्ड, पास, मॅडम, यातलं काय सांगायचं होतं? तिच्या आईनं तिला दंडाला धरून जिन्याकडे वळवलं. ती दोनदा मागे वळली, अजून उत्तर मिळेल अशा आशेनं.

पाजायची वेळ झाली होती. दारात आया जमल्या होत्या. त्यातली एक नवी होती, तिनं कोणाकडून तरी ऐकलेलं.

“सिस्टर, इथं बाळ अंगावर देतात ना?”

“सध्या नाही,” मी म्हणाले, आणि दार उघडलं.