लोखंडी कपाटातलं वायफाय

मुलांनो, आमच्या देवासच्या शाळेत वायफायच्या कामासाठी जो येतो, त्याला मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. चहासुद्धा उभ्यानेच घेतो, आणि तेव्हाही एक पाय हलत असतो. फोन समोर धरून भिंतींच्या कडेकडेने असा फिरतो, जणू काही हरवलंय.

त्याने व्हरांड्यात लावलेला वायफायचा डबा चोरीला जाईल म्हणून, शाळेच्या चाव्या माझ्याकडे असल्याने, मीच तो ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवायला लावला आणि कुलूप घातलं. त्यानंतर पाचवीच्या वर्गात नेटवरचे धडेच उघडेनात. तक्रार गेली, म्हणून परवा तो पुन्हा आला.

"ऑफिसात तर चांगलं येतंय," मोठ्या बाई म्हणाल्या. "काम झाल्याची सही घ्या आणि निघा, भिया. तुमची हाटपिपल्याची बस जाईल."

त्याने सहीचा कागद बाहेर काढलाच नाही. माझ्यापुढे हात केला. "चाबी द्या, आजी. मटका कपाटात ठेवला तर पोरं पाणी कसं पिणार, बताओ?"

मला रागच आला. माझ्या व्यवस्थितपणाला आजवर कोणी हसलं नव्हतं. पण चावी दिली.

डबा पुन्हा व्हरांड्यात चढला. मग तो पाचवीत गेला, अगदी शेवटच्या बाकावर मुलांशेजारी बसला, आणि पचनसंस्थेचा धडा त्यांच्याबरोबर पहिल्यापासून पाहू लागला. धडा अर्ध्यावर असताना बाहेर त्याच्या बसचा हॉर्न वाजला. बाकाखाली त्याचा पाय जोरात हलायला लागला, पण धडा न अडकता संपेपर्यंत तो उठला नाही.