पाठीतल्या आळ्या

आमच्या एक्स-रे खात्यात फिल्म वाळायला तास लागायचा, किस्सा मात्र ओल्या फिल्मवरच तयार. मी सातवी नापास, डार्करूममध्ये फिल्मा धुवायचो. लोकांची आतली बाजू मी जेवढी पाहिली, तेवढी त्यांच्या बायकांनीही पाहिली नसेल.

त्यातला एक रामभाऊ, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातला फिटर. पाय लुळे पडत चाललेले, चप्पल गळून पडली तरी पत्ता नाही. मुकादम म्हणे, सोंग करतो. फोटोत काही निघालं नाही तर नोकरी गेलीच.

एमआरआय हा शब्दही तेव्हा नाशिकला पोचला नव्हता. पाठीत सुईनं फोटोत उठून दिसणारं औषध सोडायचं, माणूस टेबलाला बांधायचा आणि डोकं खाली करून टेबल तिरपं करायचं. औषध मणक्यातून सरकलं की फोटो. रामभाऊ उलटा लटकून म्हणाला, "साहेब, ह्ये मुकादमानं सांगितलं काय?"

*

फिल्म धुतली तर मणक्यावर वळवळत्या काळ्या-पांढऱ्या रेघा. डॉक्टरसाहेब भडकले. "दामू, कॅसेटमध्ये तुझे केस पडलेत."

मी टोपी काढली. "शोधा साहेब. एक सापडला तर राजीनामा देतो."

परत फोटो काढला. रेघा तिथल्या तिथेच. साहेबांनी माझा ओला हात धरून हलवला. "अरे, या रक्तवाहिन्या आहेत. मज्जारज्जूवर गुंता झालाय. हा माणूस सोंग करत नाही."

*

साहेबांनी रामभाऊच्या बायकोला सोपं करून सांगितलं, "पाठीत आळ्यांसारखं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी खाट रिकामी. "पेशंट कुठंय?"

"चौथ्यांदा संडासला गेलेत. दोघांनी धरून नेलंय," बाई म्हणाली. "जंताचं औषध दिलं, पपईच्या बिया दिल्या. पण साहेब, एक आळी पडंल तर शपथ."

पपईच्या बिया मी सुचवल्या होत्या. साहेबांना हे कधीच सांगितलं नाही.

*

मग मुंबईला रक्तवाहिन्यांचा फोटो झाला, ऑपरेशन झालं. पाय परत येतील का, याची खात्री साहेबांनाही नव्हती.

तीन महिन्यांनी नवरा-बायको दोघं आले. रामभाऊच्या हातात काठी. साहेब म्हणाले, "चालून दाखवा."

रामभाऊनं काठी भिंतीला टेकवली आणि निघाला. टेबलापासून दारापर्यंत. दारातून बाहेर. आम्ही थांबलोय, हा परत येईना.

"बसा तुम्ही, मी आणते त्यांना," म्हणत बायको उठली.

अर्ध्या तासानं धापा टाकत एकटीच परत आली.

"नाय सापडले साहेब. लय पुढं गेलेत."