ताटातल्या तांदळावरचं नाव

शंकर नगरातल्या वकीलबाईंपुढे मी चांगली पंधरा मिनिटं बोललो. सासऱ्यांचं मृत्युपत्र, मालकी नावावर चढवायचा नामांतरणाचा अर्ज, तहसीलच्या बाबूनं तो कसा परत केला, सगळं क्रमानं. भाड्याच्या करारापासून वारसापर्यंत अख्ख्या मोहल्ल्याची कामं करणाऱ्या त्या बाईंनी शेवटी पेन खाली ठेवलं. मराठी घरातल्याच, पण बोलतात हिंदीत.

"काका, अर्ज़ी तो दीदी की है ना? दीदी कहाँ हैं?"

दीदी, म्हणजे माझी बायको, घरी होती. तिला सोबत न्यायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काहून एकटे गेले?" बायकोनं विचारलं. "खोल्या मले भेटून राहिल्या का तुम्हाले?"

दुसऱ्या दिवशी दोघं गेलो.

भानगड अशी होती. सासऱ्यांनी घराच्या मागच्या दोन खोल्या लेकीला लिहून दिल्या. शेवटची सहा वर्षं त्यांचं सगळं तिनंच केलं होतं. मेहुण्याचीही हरकत नव्हती. पण मृत्युपत्रात तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आडनावच नव्हे, पहिलं नावसुद्धा निराळं. आमच्यात लग्नाच्या दिवशी नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. मीही लिहिलं. तिला विचारलं मात्र नव्हतं. बाबू इथल्या हिंदी मुलखातला, त्याला ही रीत ठाऊक नव्हती. त्याच्या लेखी या दोन बायका होत्या, आणि एकीच्या खोल्या दुसरीच मागत होती.

वकीलबाई आता सगळं तिलाच विचारत होत्या. तिनं पिशवीतून शाळेची मार्कशीट काढली, लग्नपत्रिका काढली, आणि एक फोटो. फोटोत मी दातांत जीभ धरून तांदळावर नाव कोरतोय, शेजारी ती.

"ये तो बढ़िया है," वकीलबाई म्हणाल्या. "पर अकेली फोटो से नहीं होगा. दीदी का शपथपत्र बनाते हैं कि दोनों नाम इन्हीं के हैं. एक दीदी के भैया का भी."

तारखेला मी छोटंसं भाषण तयार करून गेलो होतो. वकीलबाईंनी मला मागच्या बाकावर बसवलं.

तहसीलदारांनी कागद चाळले, फोटो जरा जास्तच वेळ पाहिला. "दो नाम क्यों?"

"साहब, एक बाबा ने रखा, एक इन्होंने," बायको शांतपणे म्हणाली. "मुझसे दोनों बार किसी ने नहीं पूछा. पर बाबा आवाज़ देते थे, तो आती मैं ही थी."

साहेबांनी मान वर करून मला शोधलं. मी पंख्याकडे पाहू लागलो. खरं सांगायचं तर लाज जेमतेम अर्धं मिनिट टिकली. नंतर छाती अशी फुगली, की बाकावरच्या शेजाऱ्याला सरकून बसावं लागलं. पंचवीस वर्षं घरातली सगळी बोलणी मीच करत आलो होतो. हिला बोलता येतं, हे मला तहसील कचेरीत कळलं.

महिन्याभरात आदेश आला. दोन्ही नावं, मध्ये 'उर्फ'. तो तिनं दोनदा वाचला, मग बाबांच्या फोटोपुढे ठेवला.

मी उत्साहानं म्हटलं, "खोल्यांच्या दारावर छान पाटी लावू. नाव मीच लिहितो."

"पाटीवर दोन्ही नावं येतील," ती म्हणाली, "बाबांचं वर, तुमचं खाली. अन् तुम्ही अंगठी घेऊन तिकडे येऊ नका. पेंटरले मी सांगते."