मशीनमध्ये खोट निघू दे

माणसाच्या डोक्यात काय शिजतंय ते मला बाहेरून दिसतं, असा तरुणपणी माझा ठाम समज होता. कारण मी दवाखान्यात मेंदूचा आलेख काढायच्या मशीनवर होते. वाळूजला तेव्हा नुकते कारखाने येत होते, गारखेड्यात आमच्या घरामागं अजून ज्वारी उभी असायची, आणि औरंगाबादेत असलं मशीन चालवणारी मी एकटीच बाई. निदान मी तरी तसं सांगत फिरायची. भाजीवालीकडंसुद्धा अशी रोखून बघायची, की तिनं वजनात काटा मारायचं विसरावं. मी कामावरून आले की सासूबाई म्हणायच्या, "आली मशीनवाली, डोकी झाका."

काम तसं साधं. डोक्यावर ठिकठिकाणी चिकट मलम लावून वायरी बसवायच्या, पडदे ओढायचे, पेशंटला डोळे मिटायला सांगायचं. मग पेनांची रांग सरकत्या कागदावर खरखरत रेघा काढते. अट एकच: डोकं धुतलेलं हवं, तेलाचा थेंब नको.

एका उन्हाळी दुपारी तुरुंगातून एक माणूस आणला. वेरूळकडचा शेतकरी, तिशीतला. बांधावर धाकट्या भावाबरोबर भाकरी खात बसला होता. भावानं पाण्याचा तांब्या मागितला. हा उठला, भावाच्या मानेवर कुऱ्हाड घातली, आणि परत बसून राहिलेली भाकरी खाल्ली. आपण असं काही केलं हे त्याला आठवत नव्हतं. लहानपणी तो बैलगाडीवरून डोक्यावर पडला होता. तेव्हापासून मधूनच एका जागी नजर लागून गप्प व्हायचा, असं त्याची आई सांगायची. वकिलानं तिला समजावलं होतं, की मशीनमध्ये मेंदूची खोट निघाली तर फाशी टळेल, इस्पितळात ठेवतील. एक लेक गेलाच होता. दुसऱ्याच्या डोक्यात खोट निघावी म्हणून ती म्हातारी महादेवाला नवस बोलून आली होती.

मी आधीच निरोप धाडल्यामुळं तुरुंगात त्याचं डोकं साबणानं धुतलं होतं. व्हरांड्यात आईनं ते पाहिलं आणि तिचा जीव कळवळला.

"कोरड्या डोक्यानं सायबापुढं जातूस व्हय? बेवारशावानी?"

असं म्हणत तिनं कनवटीची बाटली काढली आणि करडईचं तेल त्याच्या टाळूवर थापून चांगलं जिरवलं. बेडीची साखळी धरून हवालदार शेजारीच उभा. मी त्याच्यावर तडकले, तर म्हणतो, "जाने देव बाई. मां है. तेलच तो लगाई, पिस्तूल तो नै दी."

कैद्याला पुन्हा डोकं धुवायला पाठवायचं सोडून मी स्पिरिटच्या बोळ्यानं डोकं वरवर पुसलं. का, तर खुन्याच्या डोक्याला हात लावायची भीती वाटत होती. लोकांच्या मेंदूत डोकावणारी ही शूर बाई, गरम तव्यावरची भाकरी उलथावी तशी बोटांच्या टोकांनी वायरी चिकटवत होती. तो मात्र मान वाकवून लहान पोरासारखा बसला.

"तुमचा हात लई गार हाय बाई," तो म्हणाला. "बरं वाटतंय."

मग आडवा झाला, डोळे मिटले आणि हळूच विचारलं, "माझा भाऊ आलाय का बाहेर?"

मी मशीन सुरू केलं.

पेनं पिसाळली. उसळत होती, एकमेकांवर आपटत होती, कागद फाटतो की काय असं वाटत होतं. आणि तो शांत पडलेला, छाती संथ वरखाली. मला वाटलं, कुऱ्हाड उचलली ती घटका आपण बघतोय. अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, काट्याहून मोठी फुशारकी आली. डॉक्टरांची वाट न बघता बाहेर जाऊन मी म्हातारीला सांगून मोकळी झाले, "निघाली खोट." ती भिंतीला टेकली आणि पदरात तोंड झाकून रडली.

डॉक्टर आले. कागद पाहिला. त्या माणसाच्या केसांवरून बोट फिरवून ते माझ्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"तेल."

"मग हा आलेख मेंदूचा, की करडईचा?"

तेलावर वायरी घसरत होत्या, दुसरं काही नव्हतं. तरी त्यांना मशीनचाही संशय आला. हवालदार कैद्याला नळावर डोकं धुवायला घेऊन गेला, तोवर डॉक्टर म्हणाले, "बाई, तुम्हीच आडव्या व्हा. मशीन तपासून घेऊ."

मी सकाळीच न्हाले होते. वेणी सोडून त्याच गादीवर पडले. गादी अजून त्याच्या अंगानं ऊन होती. खरखर रोजचीच, पण मिटल्या डोळ्यांनी ऐकताना वाटलं, शेजारी बसून कुणीतरी आपल्याविषयी लिहितंय. मधेच एक पेन खट्‌कन उडालं. पुन्हा उडालं.

उठून पाहिलं तर साऱ्या रेघा संथ, आणि डाव्या कानशिलाच्या रेघेत मधूनमधून सुळे. बारीक, टोकदार.

"मशीन चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला कधी झटके? मधलं काही न आठवणं?"

"नाही."

"काहींचा असा येतो. जन्मभर काही होत नाही. विसरून जा." त्यांनी कागदावर माझं नाव घातलं आणि तो माझ्याच हातात दिला.

मग डोकं धुऊन आलेल्या कैद्याचा आलेख काढला. इतका सुरेख, की शिकणाऱ्या पोरांना दाखवावा. डॉक्टर म्हातारीशेजारी बाकावर बसले. म्हणाले, "आजी, कागद चांगला आला म्हणजे आत काहीच नाही, असं छातीठोक सांगता येत नाही. वाकडा आला म्हणजे माणूस खून करेल, असंही नाही. पण मला दिसलं तेच मी कोर्टाला लिहिणार."

ते गेल्यावर ती माझ्याकडं आली. खोलीच्या दाराला नुसता पडदा होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुमच्या कागदावर निघाली म्हणं खोट."

मी कागद गुंडाळायला लागले.

"त्यो माझ्या लेकाचा म्हणून द्या की. तुमाला कोण फाशी देतंय?"

"आजी, तसं चालत नाही. बघा, यावर माझं नाव आहे."

तिला वाचता येत नव्हतं. तरी तिनं नावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुढं त्याला जन्मठेप झाली, फाशी नाही, हे मला फार नंतर कळलं. त्या घटकेला तिच्यासमोर फासच होता. मी कागद पाठीमागं धरून उभी राहिले. तिनं हात पुढं केला नाही. उलट एक पाऊल मागं सरली.

"घरी कोण कोण हाय?"

"नवरा, सासूबाई. मुलगी आहे, रांगती."

"घास कोण भरवतं तिला?"

"मीच."

 ती हलक्या आवाजात म्हणाली, "जेवताना धारंचं काई जवळ ठिवू नका. माझा बी गुणाचाच होता."

आणि तुरुंगाच्या गाडीकडं गेली.

त्या संध्याकाळी पानं वाढायच्या आधी मी विळी उचलून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवली. सासूबाईंनी कारण विचारलं. म्हटलं, पोर रांगतंय. त्या पोराला आता स्वतःची पोरं आहेत, मला झटका म्हणून कधी आला नाही, आणि विळी अजून जेवणाआधी वर जाते. नाती हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसते, पण विळी वर गेल्यावर.